एकेचाळीस वस्तूंचा मालक

जंगलात जायचं, तीन-चार तास हिंडायचं आणि आपण येऊन गेलो हे जंगलाला कळूसुद्धा द्यायचं नाही, एवढीच माझी इच्छा होती. यात कुणाच्या बापाचं काय गेलं असतं? पण ज्या इमारतीत बारा बिऱ्हाडं आणि बावीस सल्लागार राहतात, तिथे साधी इच्छा साधी राहत नाही. तिला आधी फाटे फुटतात, मग समिती.

मी पंपांच्या कारखान्यात स्टोअरकीपर आहे. माझ्या खिडकीतून एक पाना बाहेर गेला तरी त्याची चिठ्ठी माझ्याकडे असते, आणि पाना परत येईपर्यंत ती चिठ्ठी फाटत नाही. लोक याला खडूसपणा म्हणतात. म्हणोत. सव्वीस वर्षांत माझ्या स्टोअरचा एक पाना हरवलेला नाही, आणि मला खडूस म्हणणाऱ्यांच्या घरात टीव्हीचा रिमोट सापडत नाही.

आठवड्याचे सहा दिवस मी लोखंड मोजतो. रविवारी सकाळी वस्तीमागच्या टेकडीवरच्या जंगलात जातो. तिथे मोजण्यासारखं काही नाही, हेच तिथलं सुख. पाऊण तास चढलं की एक झरा लागतो. दगडावर बसायचं, थर्मासमधला चहा प्यायचा आणि उतरायचं. पंधरा वर्षं हा नेम. या पंधरा वर्षांत माझ्या हातून तिथे चहाचे चार थेंब सांडले असतील. त्याची मी जाहीर कबुली देतो.

एका रविवारी नाक्यावर नाकेदाराने मला अडवलं. हा नाकेदार म्हणजे टेकडीच्या पायथ्याशी टेबल टाकून बसलेला वनखात्याचा माणूस. जाणाऱ्या-येणाऱ्याची वहीत सही घेतो. पंधरा वर्षांत आम्ही एकमेकांना "या" आणि "येतो" याखेरीज काही बोललो नव्हतो. म्हणजे संबंध उत्तम होते.

"तुम्हाला जाता येणार नाही," तो म्हणाला. "तुमच्या इमारतीला बंदी आहे."

"इमारतीला? इमारत कशाला चढायला येतेय?"

"चार दिवसांपूर्वी तुमच्याकडची मंडळी झऱ्यावर सहलीला आली होती. घाण करून गेली. केकच्या खोक्यावर तुमच्या इमारतीचा पत्ता होता."

"पण मी नव्हतो त्यात! पंधरा वर्षं ओळखता मला!"

"माणूस ओळखतो हो," तो म्हणाला, "पण बंदी पत्त्यावर आहे."

ती सहल आमच्या इमारतीच्या चेअरमनच्या नोकरीतून निवृत्तीची होती. मला बोलावलं नव्हतं. मी हे मनाला लावून घेतलेलं नाही, फक्त लक्षात ठेवलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी वनखात्याच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या कारकुनाने फाइल उघडली, मिटली, पुन्हा उघडली. फाइलमध्ये एकच कागद होता, तरी त्याने बोटाला थुंकी लावून तो उलटला.

"बंदी उठवायची तर समाधानकारक भेटीचा शेरा लागतो," तो म्हणाला.

"मग देतो की समाधानकारक भेट."

"बंदी असताना भेट कशी देणार?"

"मग शेरा कसा मिळणार?"

"तेच तर सांगतोय," कारकून म्हणाला, आणि एक अवघड गोष्ट अखेर मला समजली याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर दिसला.

मी तिथेच बाकावर बसलो. उठा म्हणाले, उठलो नाही. पंखा बंद केला, तरी उठलो नाही. शेवटी मोठे साहेब जेवायला बाहेर पडले आणि माझ्या पायांना अडखळले, तेव्हा सुनावणी झाली. साहेब भला माणूस. त्यांनी सात आठवड्यांनंतरची चाचणी भेट मंजूर केली. अटी अशा: इमारतीतल्या निदान सहा बिऱ्हाडांतलं एकेक माणूस हवं, म्हणजे सुधारणा सगळ्यांची झाली असं धरता येईल. आत नेलेली प्रत्येक वस्तू नाक्यावर मोजायची, परतताना पुन्हा मोजायची. मागे काहीही खूण राहता कामा नये.

"आणि राहिली तर?" मी विचारलं.

"तर बंदी कायम. मग मलाही उठवता येणार नाही."

मी मनात म्हटलं, मोजून देणं आणि मोजून घेणं? साहेब, तुम्ही मासोळीला पोहायला सांगताय.

इथे मी चूक केली. मी स्वतःकडे बघून हिशेब धरला. शेजाऱ्यांकडे बघून धरायला हवा होता.

जिन्यात सभा भरवली. अठराजण आले, कारण जिन्यात सभा असली की घरात जायला वाटच राहत नाही. मी नियम सांगितले. मळलेल्या पायवाटेवरूनच चालायचं. फूल, पान, दगड काही उचलायचं नाही. आरडाओरडा नाही. जे न्यायचं ते सगळं परत आणायचं, अगदी संत्र्याचं सालसुद्धा.

"साल तर कुजतं," चौथ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले.

"कुजतं डॉक्टर, पण कधी? सहा महिन्यांनी. तोवर पुढचा माणूस ते बघतो आणि म्हणतो, इथे चालतं. मग तो पिशवी टाकतो. दाताची कीड कशी वाढते तुम्हाला मी सांगायला हवं का?"

चेअरमनने सुचवलं की पावलांचे ठसे उठू नयेत म्हणून बुटांवरून मोजे घालावेत. हे ते थट्टेने म्हणाले की गंभीरपणे, हे मला आजतागायत कळलेलं नाही. चेअरमनचा चेहरा दोन्ही वेळी सारखाच असतो.

मग वरच्या मजल्यावरच्या काकूंनी आवाज खाली आणून विचारलं, "आणि कुणाला जायची वेळ आली तर?"

मी न लाजता सांगितलं. शरमेचं त्यात काय आहे? पाण्यापासून दोनशे पावलं दूर जायचं, वीतभर खड्डा खणायचा, काम झालं की माती लोटायची. खुरपं मी आणीन.

"आणि कागद?" काकू.

"कागद पिशवीत घालून परत आणायचा."

पाच मिनिटांत अठराचे सहा झाले. कुणाला पाहुणे आठवले, कुणाचा गुडघा दुखायला लागला. माझी बायको म्हणाली, "अहो, कागदाचं नंतर नाक्यावर सांगितलं असतं तर?" सत्य नेहमी आधी सांगावं, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "म्हणूनच तुम्हाला सहलीला बोलावत नाहीत."

उरली ती सहा बिऱ्हाडं अशी: चेअरमन, दातांचे डॉक्टर, काकू, शेजारचे ड्रॉइंगचे मास्तर, तळमजल्यावरचा शिंपी आणि आम्ही नवराबायको. बरोबर सहा. म्हणजे यांतलं एक जरी रुसून घरी बसलं तरी चाचणी बाद. हे मला कळलं होतं तसं त्यांनाही कळलं होतं. त्या आठवड्यात चेअरमनने माझ्याकडून पाण्याची टाकी साफ करून घेतली.

रविवारी सकाळी नाक्यावर मोजणी झाली. मी प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी आणि कापडी पिशवी तयार ठेवली होती. अंडी, पाव, केळी, संत्री, बिस्किटांचे पुडे, बाटल्या, शिंप्याचा सुईदोरा, डॉक्टरांच्या दातकोरण्यांची डबी. नाकेदाराने डबी उघडून दातकोरण्या मोजायला घेतल्या तेव्हा डॉक्टर माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते, त्या नजरेने ते एरवी अक्कलदाढेकडे बघत असावेत.

"चौसष्ट," नाकेदार म्हणाला. "डबी एक धरलीय. चौसष्ट परत आले पाहिजेत. साल, टरफल, वेष्टण, जे उरेल ते. मग बाहेरच्या रकान्यात चौसष्ट, फरक शून्य, शेरा समाधानकारक."

"शून्यच येणार," मी म्हणालो. आवाज जरा जास्तच ठाम लागला.

पहिला अर्धा तास सुरेख गेला. सगळे एका ओळीत, पायवाटेवरून, मुकाट. मी सगळ्यात मागे, मागे काही पडत नाही ना हे बघत. मास्तर मध्येच नाहीसे झाले. सापडले तेव्हा वाटेपासून वीस पावलांवर उकिडवे बसून दगडावर दगड रचत होते. कमरेएवढी उतरंड झाली होती.

"काय हे, मास्तर?"

"समतोल," मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते. "तीस वर्षं पोरांना सांगत आलो, आज स्वतः साधला."

"उतरवा."

"अहो, हे दगड जंगलाचेच आहेत! मी बाहेरून काय आणलं यात?"

"दगडाखाली किडे राहतात मास्तर. तुम्ही बारा घरांची छपरं उचलून एकावर एक ठेवलीत. तुमचा समतोल झाला, त्यांचं काय झालं?"

मास्तरांनी दगड उतरवले. पण कुठला कुठे होता हे त्यांना आठवेना. मी शेवाळाची बाजू आणि जमिनीतले ओले वळ बघून एकेक बसवला. स्टोअरमध्ये सुटे भाग असेच ओळखावे लागतात. या कामात अर्धा तास गेला. दरम्यान शिंपी, "माझं एक गिऱ्हाईक दुपारी यायचंय," एवढंच तीनदा म्हणाला.

झऱ्याच्या अलीकडे खाणं झालं. चेअरमनने केळं सोललं, तोंडाजवळ नेलं, आणि झाडावरून एक माकड उतरून ते केळं सालासकट घेऊन गेलं. चेअरमन ओरडले. मी त्यांच्याहून मोठ्याने ओरडलो, आणि आरडाओरडा नको हा माझाच नियम. पण माझं साल गेलं होतं! आता चौसष्टाचे त्रेसष्ट. मी झाडाखाली उभा राहून वर बघत बसलो. ते माकड शांतपणे खात होतं आणि प्रत्येक घासानंतर माझ्याकडे बघत होतं. खाऊन झाल्यावर त्याने साल पलीकडच्या दरीत भिरकावलं. माझी खात्री आहे की त्याला अलीकडेही टाकता आलं असतं.

"जाऊ द्या हो," बायको म्हणाली. "ते काही आपल्या इमारतीत राहत नाही."

मी वळलो तर काकूंच्या पिशवीत अंड्यांची टरफलं नाहीत.

"पुरली," काकू समाधानाने म्हणाल्या. "झाडाला खत. माझ्या कुंडीतल्या गुलाबाला घालते ना मी!"

"काकू, हे झाड तुमच्या गुलाबाच्या आधी तीनशे वर्षं टरफलांशिवाय वाढलंय."

"तुझ्या तोंडाला लगाम नाही रे," काकू म्हणाल्या आणि बसकण मारून राहिल्या. म्हणजे रुसल्या. सहावं बिऱ्हाड रुसलं. मी खुरपं घेऊन टरफलं उकरली, धुऊन घ्यायला झऱ्याकडे निघालो, झऱ्यात काही धुवायचं नाही हे माझंच मला आठवलं, तसाच परतलो आणि मातकट टरफलं स्वतःच्या रुमालात बांधली. मग काकूंची माफी मागितली. काकूंनी माफी दिली, पण सोमवारी संध्याकाळी दळण आणून द्यायच्या अटीवर.

आणि मग आम्ही झऱ्यावर पोचलो.

मी तिथे सात आठवडे गेलो नव्हतो. माझा दगड होता. दगडाभोवती कागदी ताटल्या, पेले, फुग्यांच्या चिंध्या, सुतळ्या, एक चेपलेलं केकचं खोकं. पाण्यात प्लॅस्टिकचे चमचे तळाला बसलेले, माशांसारखे चकाकत होते. आणि पलीकडच्या उतारावर, एका काटेरी झाडाच्या फांद्यांत, अर्ध्या पलंगाएवढा फ्लेक्स अडकला होता. त्यावर चेअरमन होते. कोट घालून, हसत, हात जोडून. खाली मोठ्या अक्षरांत "निवृत्तीच्या हार्दिक शुभेच्छा". वाऱ्याबरोबर ते सगळ्या जंगलाला नमस्कार करत होते.

खाली उभ्या चेअरमनने वरच्या चेअरमनकडे बघितलं.

"हे आधीचंच असेल कुणाचं तरी," ते म्हणाले.

खरं सांगतो, माझं डोकं फिरलं. मला शिव्या येत नाहीत असं नाही. पण त्यांचं बिऱ्हाड धरून सहा होतं. मी दात आवळले आणि वेचायला लागलो. बायको लगेच खाली बसली. शिंपी बसला. मास्तर पाण्यात उतरून चमचे काढायला लागले, तेही गाळ न ढवळता, हलक्या हाताने, एकेक. त्या माणसाच्या हाताला खरंच समतोल आहे, हे मला मान्य करावं लागलं. डॉक्टरांनी दातकोरणीने दगडाच्या फटीतून फुग्याचा तुकडा काढला. काकूंनी पदर खोचला. चेअरमन म्हणाले, "चौसष्ट झाले की बास ना? हे आपल्या मोजणीत नाही," आणि उभे राहिले. त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं, हाच त्यांच्या म्हणण्याचा दोष.

फ्लेक्स काढायला मी चढलो. पाय घसरला, पँट काट्याला अडकली आणि मागच्या बाजूला असा फाटल्याचा आवाज आला की काकूंनी तोंड फिरवलं. फ्लेक्स निघाला. पण उतरल्यावर बघतो तर पँटची एक चिंधी काट्यावरच राहिली होती. पुन्हा चढलो. शिंप्याने मला दगडावर पालथं घालून, अंगावरच्या अंगावर टाके घातले. संपल्यावर दोऱ्याचं टोक दाताने तोडून त्याने ते न सांगता माझ्या पिशवीत टाकलं. अशा माणसासाठी मी कुठेही सही करीन.

खाली नाक्यावर नाकेदाराने टेबलावर सगळं मांडून मोजलं. अर्धा तास लागला.

"तुमचे चौसष्टांपैकी त्रेसष्ट आले."

"एक केळ्याचं साल माकडाने नेलं," मी म्हणालो. मान खाली गेली होती.

"मग असं सांगा ना," नाकेदाराने कागद उलटला. "हा बघा रकाना. वन्यप्राण्याने नेले: एक. फरक शून्य. झालं."

आनंदाने बायकोचा हात धरणार, तेवढ्यात त्याने टेबलाच्या दुसऱ्या बाजूच्या ढिगाकडे बोट दाखवलं.

"आणि हे काय?"

"हा जुना कचरा. झऱ्यावरचा. आम्ही वेचून आणला. एकेचाळीस नग. मोजलेत."

नाकेदाराने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "हे नेता येणार नाही."

"म्हणजे?"

"जंगलातली कुठलीही वस्तू बाहेर न्यायला बंदी आहे. पान नाही, पीस नाही, दगड नाही. हे बघा, छापलंय."

"अहो, हा कचरा आहे!"

"त्यात 'कुठलीही वस्तू' लिहिलंय. कचरा सोडून असं नाही लिहिलेलं."

"मग आता?"

"जिथून उचललं तिथे ठेवून या. मी शेरा देतो, समाधानकारक."

त्याच्या कागदावर माकडासाठी रकाना होता, माझ्यासाठी नव्हता.

"अहो स्टोअर," चेअरमन म्हणाले. मला ते याच नावाने हाक मारतात. "कशाला ताणताय? वर जायची पण गरज नाही. त्या झुडपामागे ठेवू, सही घेऊ, घरी जाऊ. तुमची बंदी उठली, तुमचा झरा तुम्हाला. आणखी काय हवं?"

"खरंच रे," काकू म्हणाल्या, "माझे पाय गेलेत."

मला झरा हवा होता. देवाशपथ हवा होता. सात रविवार मी घरात बसून काढले होते आणि सातही रविवारी बायकोशी भांडलो होतो. पण कचरा परत जंगलात टाकून, जंगलात कचरा टाकत नाही असं सर्टिफिकेट घ्यायचं? मी म्हणालो, "ठेवणार नाही. एक नगसुद्धा नाही."

"मग शेरा असमाधानकारक पडेल," नाकेदार म्हणाला. तो खूश नव्हता, हे सांगायला हवं. "म्हणजे बंदी कायम. साहेबसुद्धा…"

"माहीत आहे."

शिंपीसुद्धा गिऱ्हाइकाचं बोलला नाही. मग नाकेदाराने सावकाश ती छापील नियमावली पुन्हा उघडली आणि बोट ओळीवरून फिरवत शेवटच्या पानापर्यंत गेला.

"एक आहे," तो म्हणाला. "माणसाची स्वतःची, मागे टाकून गेलेली वस्तू मालकाला परत नेता येते. तेवढं मालकाने लिहून द्यायचं, की या वस्तू माझ्या, मी टाकल्या होत्या. चाचणी पण पास, कारण टाकलेलं परत नेलं. फक्त मालकाचं नाव वर्षभर या बाहेरच्या फळ्यावर लागतं."

सगळ्यांनी चेअरमनकडे बघितलं. टेबलावर पसरलेल्या फ्लेक्सवरून चेअरमनही चेअरमनकडे बघत होते.

"माझ्याकडे काय बघताय?" ते म्हणाले. "तोंडावळा सारखा असलेली पुष्कळ माणसं असतात. उद्या मुलीच्या सासरचे फिरायला आले आणि त्यांनी फळा वाचला तर? मी सही करणार नाही."

त्यांचा आवाज शेवटी थोडा कापला. मला त्यांची दया आली असं मी म्हणणार नाही, कारण आली नाही. पण भीती खरी होती, एवढं दिसलं.

मी पेन मागितलं.

"अहो, थांबा," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही तर त्या सहलीला नव्हतातच!"

"बोलावलं नव्हतं," बायको म्हणाली. मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "अहो, फळ्यावर नाव लागेल. तुमचं. वर्षभर. जमेल?"

आता माझं नाव म्हणजे काय आहे? सव्वीस वर्षांत एक पाना न हरवलेला माणूस, एवढंच त्या नावात आहे. दुसरं काही कमावलेलं नाही. मी तिला म्हणालो, "जमणार नाही. पण दुसरं काय करू?"

"मग लिहा," ती म्हणाली. "अक्षर नीट काढा."

मी लिहिलं. ताटल्या इतक्या, पेले इतके, चमचे इतके. माझ्या, मी टाकलेल्या. शेवटच्या नगाला नाकेदार अडला. त्यालाही त्याच्या नोकरीची काळजी होती.

"या फ्लेक्सवर फोटो यांचा आहे. तुमची वस्तू कशी?"

"मी करून घेतला होता," मी म्हणालो.

"कशासाठी?"

पुढचं वाक्य मला अजून रात्री झोपेतून उठवतं. मी म्हणालो, "आमच्या चेअरमनसाहेबांवर माझं फार प्रेम आहे."

शिंप्याला ठसका लागला. नाकेदाराने मान न उचलता कागदावर "प्रेमापोटी" असं लिहिलं आणि शिक्का मारला. एकेचाळीस नग दोन गोण्यांत भरून मी खांद्यावर घेतले. बंदी उठली.

सोमवारी इमारतीच्या सूचनाफलकावर चेअरमनचा कागद लागला: आपल्या अथक प्रयत्नांनी बंदी उठवण्यात आली आहे, सभासदांनी यापुढे जंगलाचे पावित्र्य राखावे. मी तो पूर्ण वाचला. फाडला नाही. फक्त काकूंना दळण देताना जिन्यात जरा मोठ्याने विचारलं की अथक म्हणजे काय हो, न थकता, की न वाकता? चेअरमनचं दार उघडं होतं. आत टीव्हीचा आवाज वाढला.

पुढच्या रविवारी मी नाक्यावर गेलो. फळा नवाकोरा, त्यावर ठसठशीत पांढऱ्या अक्षरांत माझं पूर्ण नाव, पत्ता आणि पुढे: टाकलेल्या वस्तू, एकेचाळीस. दुसरं नावच नव्हतं. फळ्यापुढे एक गृहस्थ आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन उभे होते.

"एकेचाळीस!" मुलगी म्हणाली. "बाबा, एकटा माणूस इतकं कसं टाकेल?"

"सवय असते बाळा एकेकाला," गृहस्थ म्हणाले. मग त्यांना माझ्या हातातला थर्मास दिसला. "काका, तुम्ही नेहमीचे दिसता. कोण आहे हो हा महाभाग? माहीत आहे?"

नाकेदाराला एकाएकी टेबलाच्या खणात काहीतरी शोधायचं आठवलं.

"चांगला माहीत आहे," मी म्हणालो. "माझ्याच इमारतीत राहतो. फार आगाऊ माणूस."

"असल्यांना आत सोडताच कामा नये!"

"सोडतात हो," मी म्हणालो. "दर रविवारी."

नाकेदाराने वही पुढे केली. गृहस्थ माझ्या खांद्याशी उभे होते, त्यांनाही सही करायची होती. हात आडवा धरून घाईघाईत काहीतरी गिरगटावं असं मला वाटलं. वाटलं, हे लपवत नाही. मग मी सही केली, स्टोअरच्या चिठ्ठीवर करतो तशी, पूर्ण नाव, कुणालाही वाचता येईल अशी.

मी दहा पावलं चढलो असेन, तेवढ्यात मागून मुलीचा आवाज आला, "बाबा! हे बघा!"

मी वळलो नाही. झरा पाऊण तास लांब होता आणि थर्मासमधला चहा गरम होता.